शोभेल असं देणं

मावशीच्या माळ्यावर काचेच्या पाच बरण्या आहेत. मी दिल्या होत्या सहा. सहावीचं शेवटी सांगते.

तिच्या साठीला त्या मी ठाण्याहून घेतल्या होत्या. झाकणाला तारेचा खटका, आत रबराची चकती, हवेला शिरायला जागा नाही अशा. कसारा लोकलच्या गर्दीत खोकं मांडीवर धरून वाशिंदपर्यंत आणलं, एकही फुटू दिली नाही. मावशीनं कौतुकानं प्रत्येक बरणी हातात घेऊन पाहिली. पुढच्या वर्षी गेले तर साखर, डाळी, मसाले सगळं जुन्याच स्टीलच्या डब्यांत होतं आणि बरण्या माळ्यावर, खोक्यासकट. "छान आहेत गं, जपून ठेवल्यात," ती म्हणाली. त्या दुपारी चहा करताना मी तिच्याकडे नीट पाहिलं. संधिवातानं तिची बोटं आखडली आहेत. डब्याचं झाकण ती तळहाताच्या टाचेनं वर ढकलून उघडते. तारेचा खटका उघडायला अंगठ्यात जोर लागतो आणि तिच्या अंगठ्यात तो उरलेला नाही. दुकानात मी बरण्यांचा आकार पाहिला होता, किंमत पाहिली होती. मावशीचे हात पाहिले नव्हते.

भेट कशी निवडावी हा प्रश्न मी तेव्हापासून मनावर घेतला. वाचलं, विचारलं, आजूबाजूच्या जुन्या रीती पुन्हा पाहिल्या. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

शोभणं म्हणजे काय

चांगल्या भेटीला आपण हल्ली 'स्टायलिश' म्हणतो. मराठीत त्यासाठी 'शोभणं' हे क्रियापद आहे आणि ते एकट्या वस्तूवर थांबत नाही. रंग कोणाला तरी शोभतो, तोरण दाराला शोभतं, बोलणं प्रसंगाला शोभतं. कोणाला आणि कुठे हे सांगितल्याशिवाय शोभण्याचा अर्थ पुरा होत नाही. दुकानाच्या काचेमागे वस्तू सुंदर असू शकते, पण ती शोभते की नाही हे कळायला ती कोणाच्या तरी घरात, कोणाच्या तरी हातात जावी लागते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचं लक्षण सांगताना देश, काल आणि पात्र असे तीन निकष येतात. दान आणि भेट एक नव्हेत. दान गरज पाहून दिलं जातं, भेट नातं पाहून. तरी हे तीन निकष भेटीलाही तंतोतंत लागू पडतात. आपल्या भाषेनं तर ते शब्दांतच मुरवून ठेवलेत. संक्रांतीला लुटायचं ते वाण. बहिणीनं ओवाळल्यावर तबकात घालायची ती ओवाळणी. लेक सासरी निघताना करायची ती बोळवण. बाळ-बाळंतिणीसाठी न्यायचा तो बाळंतविडा. लग्नमुंजीत द्यायचा तो आहेर. बाहेरून येताना मुलांसाठी आणायचा तो खाऊ. कोणी, कोणाला, कधी द्यायचं हे प्रत्येक नावातच आलेलं आहे. 'गिफ्ट' या एका शब्दात हे सगळं कोंबलं की हे तीन प्रश्न विचारायचे राहून जातात.

पात्र: माणूस नीट पाहणं

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ साली नाताळच्या भेटींवर एक शोधनिबंध लिहिला. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं की मिळालेल्या वस्तूंची किंमत अंदाजे किती असेल आणि भावनिक मोल बाजूला ठेवलं तर त्या वस्तूंचं तुमच्या लेखी मोल किती. दोन्हींत दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत तफावत निघाली. म्हणजे शंभर रुपये खर्चून घेणाऱ्याला सदुसष्ट ते नव्वद रुपयांचंच पोचत होतं. त्यातही मित्रमैत्रिणींनी दिलेल्या वस्तूंत ही गळती कमी होती, आजीआजोबा, काका, आत्या अशा वयानं किंवा अंतरानं लांब असलेल्या नातेवाइकांच्या वस्तूंत जास्त. माया कमी होती असं नाही. रोजचं जगणं दिसत नव्हतं, म्हणून निवड चुकत होती.

जेफ गलाक, जुलियन गिव्ही आणि एलेनोर विल्यम्स या संशोधकांनी २०१६ साली भेटींवरच्या अनेक अभ्यासांचा मेळ घालून एक साधी गोष्ट दाखवली. देणाऱ्याच्या डोळ्यासमोर वस्तू हातात पडण्याचा क्षण असतो: कागद उघडेल, डोळे विस्फारतील. घेणाऱ्याला मात्र ती वस्तू पुढची कित्येक वर्षं वापरायची किंवा सांभाळायची असते. बरण्या देताना मी त्या पहिल्या क्षणाचीच तयारी केली होती आणि तो क्षण छान झालाही. पुढच्या वर्षभराचा विचार मात्र केला नव्हता.

मग माणूस नीट पाहायचा कसा? मला तीन जागा उपयोगी पडल्या. पहिली म्हणजे त्याचे हात रोज काय करतात. पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणाऱ्या माझ्या वहिनीला घरच्या शोपीसपेक्षा न सांडणारा, पर्समध्ये उभा राहणारा डबा जास्त सुखाचा. दुसरी जागा म्हणजे तो काय दुरुस्त करून करून वापरतो. दोरा बांधलेला चष्मा, शिवलेली पिशवी, मूठ हलणारी छत्री. माणसाला खरोखर हवं असलेलं तिथे दिसतं. तिसरी जागा म्हणजे कशाकडे तो दोनदा पाहतो आणि 'कशाला उगाच' म्हणून पुढे जातो. स्वतःसाठी घ्यायला मन धजत नाही अशी वस्तू दुसऱ्याकडून मिळाली की तिचा आनंद बराच काळ पुरतो.

आणि कळत नसेल तर सरळ विचारावं. विचारलं की गंमत जाते असा समज आहे. पण डोहाळजेवणाची रीत आठवा. गर्भारशीला काय खावंसं वाटतं हे तिलाच विचारून ते करून घालायचं, यात कोणाला कमीपणा वाटत नाही. चिंच म्हणाली तर चिंच, कैरी म्हणाली तर कैरी. 'डोहाळे पुरवणं' या शब्दप्रयोगात मागणाऱ्याचा मान आहे आणि देणाऱ्याचाही.

पात्राचा आणखी एक अर्थ आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो: आपण कोणाला वगळतो? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कितीतरी घरांतून विधवा बायकांना बोलावणं जात नाही. त्याच आळीत राहणारी, आपल्या बाळंतपणात रात्री जागलेली बाई आणि वाणाच्या दिवशी तिचं दार तेवढं सोडायचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींनीही त्याचं अनुकरण करावं असं परिपत्रक काढलं. ठराव गावाचा असला तरी पाळायचा आपल्या उंबरठ्यावर. यंदा वाण काय लुटायचं याची चर्चा करताना कोणाकोणाला बोलवायचं ही यादी आधी काढावी. सर्वांना दिलेलं साधं वाण, निवडक बायकांना दिलेल्या भारी वाणापेक्षा मोठं आहे.

काळ: वेळेवर आलेली वस्तू

वेळ साधली की साधी वस्तूही मोलाची होते. आमच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर-मुरबाडकडे, याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे शेवळं. पहिला पाऊस पडला की जंगलात जमिनीतून हे जांभळट-तपकिरी कोंब वर येतात. आदिवासी बायका जुड्या बांधून कसारा लोकलनं कल्याण-ठाण्याच्या बाजारात नेतात. काही आठवड्यांचा खेळ, मग वर्षभर नाव नाही. मुंबईत राहणाऱ्या मैत्रिणीला जूनमध्ये नेलेली शेवळाची जुडी ती वर्षभर आठवते.

पण शेवळं नुसती देऊन चालत नाही. या कंदाच्या जातीत कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि नीट केली नाहीत तर घसा भयंकर खाजतो. म्हणून त्याबरोबर काकडं नावाची आंबट हिरवी फळं लागतात किंवा चिंच तरी. बाहेरचं आवरण काढायचं, आतल्या दांड्याचा खाजरा भाग टाकायचा, बारीक चिरून तेलावर चांगली परतायची, काकडाच्या रसात शिजवायची. जुडीबरोबर काकडं द्यावी लागतात आणि कृती सांगावी लागते. आमच्याकडच्या विकणाऱ्या बायका काकडं जुडीसोबतच ठेवतात. भेट देण्याचा एक उत्तम नियम मी त्यांच्याकडून शिकले: वस्तूबरोबर ती वापरायला लागणारं सगळं द्यावं. रोप दिलं तर ऊन-पाणी किती हे लिहून द्यावं. खेळणं दिलं तर त्याचे सेल आत घालून द्यावेत.

भाताचंही तसंच. मुरबाडकडचा झिनी तांदूळ आमच्या भागात नावाजलेला. दिवाळीच्या आगेमागे कापणी, झोडणी होते आणि नवा तांदूळ घरात येतो. नवा तांदूळ शिजताना चिकट, मऊ होतो. साठवणीत दाण्यातल्या पिष्टात आणि प्रथिनांत बदल होत जातात, त्यामुळे जुना तांदूळ पाणी जास्त पितो आणि मोकळा फुलतो. तान्ह्या बाळाच्या घरी पेजेसाठी, म्हाताऱ्या माणसांच्या घरी मऊ भातासाठी नवा तांदूळ द्यावा. पाहुणचार चालू असलेल्या घरी वर्षाचा जुना द्यावा. पिशवीत कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकावा आणि चिठ्ठीवर कापणीचा महिना लिहावा. पाच किलोंची ती पिशवी कुठल्याही चकचकीत खोक्याला हार जात नाही.

काळाचा हिशेब आपल्या पंचांगानंही भेटीशी जोडला आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. ही तूट साचत जाते आणि साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरून भरून काढतात. तोच अधिक मास, आपला धोंड्याचा महिना. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. या महिन्यात लेकीला आणि जावयाला बोलावून तेहेतीस अनारसे किंवा बत्तासे असं जाळीदार वाण देतात. तीन वर्षांतून एकदाच येणारी ही भेट आहे, म्हणून तिच्यात वस्तूंचा मारा करण्यापेक्षा घरी तळलेले अनारसे एका चांगल्या तांब्याच्या भांड्यातून द्यावेत. अनारसे संपतील, भांडं राहील.

दिवाळीला मराठी माणसानं मराठी माणसाला द्यावी अशी खास आपली भेट म्हणजे दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला आणि शंभरावर वर्षं ही परंपरा चालू आहे. मिठाईच्या पाचव्या खोक्यापेक्षा दोन अंक निवडून द्यावेत. मात्र निवडून. मामांना शेतीचा, भाचीला मुलांचा, आजोबांना मोठ्या अक्षरातला. आत एका पानावर खूण घालावी, 'हा लेख वाचताना तुमची आठवण झाली'. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांसाठी तर हे घरच्या मातीइतकं मोलाचं आहे.

आणि काही भेटी जाणूनबुजून उशिरा द्याव्यात. कोणाच्या घरी माणूस गेलं की पहिले तेरा दिवस घर भरलेलं असतं, डबे येतात, माणसं येतात. पंधराव्या दिवशी घर रिकामं होतं. त्या दिवशी नेलेला पिठलं-भाकरीचा डबा खरा. बारशालाही तसंच. बाळंतविड्यात झबली-टोपडी, कुंची, दुपटी आणि बाळंतिणीला साडी अशी पद्धत. सगळे जण शून्य ते तीन महिन्यांचे कपडे आणतात आणि बाळ ते घालायच्या आत वाढतं. वर्षाच्या मापाचं झबलं आणावं. किंवा जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याची गोधडी. घरातल्या म्हातारीचं लुगडं तिच्यात गेलं असेल तर बाळ आपल्या पणजीच्या मायेत निजतं.

देश: वस्तू कुठे राहणार आहे

आमच्याकडे चार महिने धो धो पाऊस. कातडी पाकिटाला बुरशी येते, कागदावरच्या चित्राला भिंतीच्या ओलीनं फुगे येतात, पुठ्ठ्याची खोकी मऊ पडतात. उलट मुंबईच्या एका खोलीच्या घरात तीन फुटांची समई ठेवायला जागा नसते. वस्तू निवडताना डोळे मिटून ती त्या घरात ठेवून पाहावी. कुठे ठेवतील? कोण पुसेल? दार उघडलं की त्याला लागेल का?

मुरबाड तालुक्यात म्हसा इथे पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची मोठी यात्रा भरते. बैलांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध, तशीच घोंगड्यांसाठीही. घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची, हातमागावर विणलेली आणि चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेली. खळीमुळे आणि लोकरीच्या मूळच्या गुणामुळे ती पावसाचं पाणी चटकन आत घेत नाही. थंडीत शेतावर राखणीला जाणाऱ्याला, जमिनीवर बसून ध्यान किंवा वाचन करणाऱ्याला ही भेट जन्मभर पुरते. पण ती टोचते, म्हणून नाजूक कातडीच्या मुलाला नको. लोकरीला कसर लागते, म्हणून बंद कपाटात कोंबून ठेवणाऱ्यालाही नको. वारंवार धुवायची नाही, उन्हात टाकून झटकायची, एवढं सांगून द्यावी.

वारली चित्रांचं थोडं जास्त सांगायला हवं, कारण भेट म्हणून ती आज पुष्कळ दिली जातात. ठाणे-पालघरच्या आदिवासी घरांत गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या कालवणानं, बांबूच्या काडीचं टोक कुटून केलेल्या कुंचल्यानं ही चित्रं काढतात. लग्नात सुवासिनी जो चौक लिहितात त्यात पालघट देवी असते. ती सजावट नाही, तिच्याविना लग्न लागत नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर, कापडावर आणली आणि जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्र द्यायचं असेल तर छापील कपाऐवजी चित्रकाराकडून घेतलेलं द्यावं, मागे त्याचं नाव आणि गाव लिहावं आणि चित्रात काय चाललंय हे घेणाऱ्याला सांगता येईल एवढं आधी स्वतः विचारून घ्यावं. तारपा वाजवणारा मध्ये का आहे, त्याच्याभोवती नाचणारे कसे वळत जातात. मग ते चित्र भिंतीवर लागल्यावर घरातलं मूलही त्याची गोष्ट सांगू शकतं.

बांबूच्या करंड्या, सुपं, टोपल्या आपल्या बाजारात रस्त्याच्या कडेला मिळतात आणि आपण त्यांच्याकडे भेट म्हणून पाहत नाही. कांदे-बटाट्यांना हवा लागायला हवी, त्याला टोपलीइतकं चांगलं काही नाही. पापड, सांडगे वाळवणाऱ्या घराला सूप हवंच. घट्ट विणीची, कडा नीट वळवलेली, कुसळ न लागणारी करंडी निवडावी आणि भाव पाडू नये. भेट देताना कारागिराच्या मजुरीवर डल्ला मारला तर ती भेट निम्मी त्याच्याच खिशातून गेली.

वहीतला आहेर

आमच्याकडच्या लग्नात मांडवाच्या तोंडाशी एक टेबल असतं. तिथे दोघे बसतात. एक पाकीट उघडतो, दुसरा वहीत लिहितो: नाव, गाव, रक्कम. एकावन्न, एकशे एक, पाचशे एक. वरचा रुपया का, तर शून्यावर हिशेब संपू नये, पुढचं चालू राहावं. ही वही लग्नानंतर जपून ठेवतात आणि त्या घरचं कार्य निघालं की उघडतात. त्यांनी दोनशे एक घातले होते, आता आपण तीनशे एक घालू.

शहरात याला नाकं मुरडली जातात. पण यामागे मोठी सोय होती. ज्या घरात वर्षाचं पीक येईपर्यंत रोख पैसा नसायचा, त्या घराचं कार्य गावानं एकेक रुपया घालून पार पाडलं. पुढे ते घर दुसऱ्यांच्या कार्याला उभं राहिलं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भेटीवरच्या निबंधात पॉलिनेशियापासून भारतापर्यंतच्या रीती तपासून सांगितलं की भेटीत तीन बंधनं असतात: देणं, घेणं आणि परत देणं. भेट वरून स्वखुशीची दिसते, पण तिनं माणसं एकमेकांना बांधली जातात. आमच्या वहीत तेच आहे.

दोष वहीचा नाही, फिरत्या आहेराचा आहे. ब्लाउजपीसच घ्या. तुमच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून जावेकडे, जावेकडून तिच्या नणंदेकडे, घडी न मोडता वर्षानुवर्षं फिरणारं ते कापड. कोणी शिवत नाही, कोणाला आवडलेलं नसतं. टॉवेल-टोपीचंही तेच. यापेक्षा पाकीट सरळ आणि प्रामाणिक. रोख रक्कम घेणाऱ्याला निवडीचं स्वातंत्र्य देते. फक्त पाकिटावर नुसतं नाव न लिहिता दोन ओळी लिहाव्यात. त्या वहीत चढत नाहीत, पण नवरानवरी त्या वाचतात.

ऐपतीचंही भान हवं. परत देणं आलंच, तर समोरच्याला झेपेल एवढंच द्यावं. हातावर पोट असलेल्या मैत्रिणीला पैठणी दिली तर तिच्या डोक्यावर आपण ओझं ठेवतो. अशा वेळी पैशात न मोजता येणारं द्यावं. लग्न ठरलेल्या मुलामुलीला नातेवाईक केळवणाला बोलावतात, पाटाभोवती रांगोळी काढतात, त्यांच्या आवडीचं करून वाढतात. सिंडी चॅन आणि कॅसी मोगिलनर यांच्या २०१७ मधल्या संशोधनात दिसलं की वस्तूपेक्षा अनुभवाच्या भेटीनं नातं जास्त घट्ट होतं, कारण तो अनुभव घेताना मनात उमटणाऱ्या भावना तीव्र असतात. केळवणाची पंगत ज्यानं अनुभवली आहे त्याला हे पटेल. मैत्रिणीची मुलं एक दिवस सांभाळणं, काकांना माहुली गडाच्या पायथ्याशी फिरवून आणणं, आजीला टिटवाळ्याच्या गणपतीला नेऊन आणणं, या सगळ्या भेटीच आहेत. तारीख ठरवून, कागदावर लिहून द्याव्यात, म्हणजे बोलण्यातच राहत नाहीत.

गुंडाळणं

चमकी कागद एकदा फाटला की कचरा. त्यातल्या प्लास्टिकच्या थरामुळे तो पुन्हा कागद म्हणूनही कामी येत नाही. जपानमध्ये फुरोशिकी नावाचा चौकोनी रुमाल वापरतात, गाठी मारून त्यात वस्तू बांधतात आणि रुमाल पुन्हा पुन्हा वापरतात. आपल्याकडे पोथी बासनात बांधतात ती हीच कला. खणाचा चौकोनी तुकडा घ्यावा, मधोमध वस्तू ठेवावी, समोरासमोरची टोकं आळीपाळीनं बांधावीत. खण पुढे पोथीला, आरशाला, पिशवीला कामी येतो. फळं द्यायची तर बांबूच्या करंडीत पळसाची पानं अंथरावीत. पॅकिंग हीच दुसरी भेट.

सहावी बरणी

मावशीकडे माझ्या आजीचं एक पितळी पातेलं होतं. आतली कल्हई उडालेली, म्हणून आमटी-कढी कळकायची आणि ते कोपऱ्यात पालथं पडलेलं. एका मे महिन्यात रस्त्याच्या कडेला कल्हईवाला बसलेला दिसला. मावशीला न सांगता पातेलं उचलून मी त्याच्याकडे नेलं.

त्यानं ते आधी वाळूनं घासून स्वच्छ केलं, मग कोळशाच्या भट्टीवर धरून भात्यानं जाळ वाढवला. तापलेल्या पातेल्यात चिमूटभर नवसागर टाकला, पांढरा धूर उठला. हा नवसागर धातूवरचा काळा गंज उतरवतो, नाहीतर कथील धरत नाही. मग कथलाची कांडी टेकवली. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, पितळ त्याच्या कितीतरी पुढे, म्हणून पातेलं जसंच्या तसं राहतं आणि कथील पाण्यासारखं पसरतं. कापसाच्या बोळ्यानं त्यानं ते फिरवलं आणि क्षणात काळं पोट चांदीसारखं झालं. मग गार पाण्यात चर्र. आंबट पदार्थाचा पितळेशी, म्हणजे त्यातल्या तांबे-जस्ताशी संबंध येऊ नये, एवढंच त्या पातळ थराचं काम. फक्त कथील शुद्ध हवं, शिसं मिसळलेलं घातक, म्हणून मी दोनदा विचारून घेतलं.

पातेलं पाहून मावशी काही बोलली नाही. आत हात फिरवत राहिली. संध्याकाळी तिनं त्यात चिंचगुळाची आमटी केली. कित्येक वर्षांनी त्या भांड्यात आंबट शिजलं. झाकण त्याला सैल बसतं. तळहातानं ढकललं की सरकतं.

निघताना तिनं मला माळ्यावरून एक बरणी काढायला लावली, धुऊन कोरडी केली आणि कैरीचं लोणचं भरलं. आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. खटका लावायला बरणी माझ्याकडे दिली. माझ्या अंगठ्यात जोर होता, खटका बसला.

"तुझ्याकडे शोभेल ही," मावशी म्हणाली.

वाशिंदच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना ती पिशवी मी खाली ठेवली नाही.